एका दाताचा वाद

ज्याला गाडीतलं काही कळत नाही असा पुरुष मला चिखलीत अजून भेटायचा आहे. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला तर जास्त कळतं. माझ्या मोटारीच्या मागच्या ॲक्सलमधले दात तुटले, तेव्हा हे सगळे ज्ञानी एकदम माझ्या अंगावर आले.

मोटार जुनी, मागच्या चाकांवर पळणारी आणि हाताने गिअर टाकायची. मी कॉलेजात हेडक्लार्क. दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारायचे. त्याचा सूड म्हणून मी तिच्यात दुसऱ्या एका गाडीचं दांडगं इंजिन बसवून घेतलं होतं. ते त्या म्हाताऱ्या ॲक्सलला झेपलं नाही. एका सकाळी फाटकातून ऐटीत निघालो, पोटाखाली खाडकन आवाज झाला, आणि इंजिन पुढे निघून गेल्यासारखं गर्जत राहिलं. गाडी मात्र तिथेच.

मिस्त्रीने माझ्यासमोर पोत्यावर दोन जोड मांडले. प्रत्येक जोडात एक मोठं चक्र आणि ते फिरवणारं एक छोटं पिनियन. मोठ्या चक्राला दोन्हीकडे एक्केचाळीस दात. पिनियनला मात्र एकाला नऊ, दुसऱ्याला दहा.

"नऊवालं वढते जोरात, पण लवकर हापते," मिस्त्री म्हणाला. "दहावालं जरा दमानं उठते, पण प्रत्येक गिअर लांब चालते. कोणतं टाकू, सांगा. एकदा बंद केलं का मी पुन्हा खोलणार नाई."

एरवी मी डोळे मिटून बोट ठेवलं असतं. पण मध्ये माझा साडू होता. साडूचं खताचं दुकान आहे, आणि स्वतःच गिअर बदलणारी, पांढरी, कपाटाएवढी नवी गाडी आहे. सासऱ्यांकडे जेवताना भर पंगतीत तो म्हणाला, "काऊन हो साडूभाऊ, तुमची मोटार नुसती बोंबलते, का चालते बी?"

ताटावरून शब्द वाढत गेला आणि शेवटी पैज लागली. अमडापूरजवळ एका शेतात बैलांच्या शर्यतीचा पट भरतो. त्या सरळ पट्टीवर रविवारी दोघांनी गाड्या पळवायच्या. पुढच्या आठवड्यात संग्रामपूरला मेव्हणीचं लग्न होतं. हरणाऱ्याने तिथे जिंकणाऱ्याच्या गाडीतून जायचं, तेही सगळ्यात मागच्या बाकावर, रुखवताच्या भांड्यांबरोबर. ज्यांना सासुरवाडी नाही त्यांना हे किरकोळ वाटेल. पण मांडवाच्या दारात जावई कोणत्या दारातून उतरतो, यावर पुढची वीस वर्षं त्याच्या ताटात पहिली पोळी पडते की शेवटची, हे ठरतं.

मग चहाच्या टपरीवर माझ्या ॲक्सलची विद्वत्सभा भरली. ज्याने आयुष्यात ट्रॅक्टरच चालवला, तो म्हणाला नऊ. ज्याची मोपेड पायंडल मारूनही चढावर थांबते, तो म्हणाला, "नऊच! दहा कोण लावते बे?" आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला, तो चुकला, पुन्हा केला, आणि नऊवर आले. दशांश चिन्हानंतर चार आकडे काढले होते, त्यामुळे कोणाची बोलायची हिंमत झाली नाही. मी या सगळ्यांना मनातल्या मनात गाढव म्हणत होतो. पंचाईत एवढीच, की माझ्या वहीतही नऊच आले होते.

गुरुवारी मिस्त्रीला घेऊन पट्टी पाहायला गेलो. शर्यत जिथे संपते तिथे जमिनीवर आडवी दोरी टाकलेली होती. बांधावर एक म्हातारा बसला होता, डोक्याला मळका रुमाल. उमेदीत पटावरचा मोठा धुरकरी होता म्हणे. बैलजोडी हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अठून त्या दोरीलोक जाताना तुमाले मधात कितीकदा हात उचला लागते?"

मी सांगितलं. नऊचं पिनियन असेल तर पहिला, दुसरा, तिसरा, आणि दोरीच्या थोडं अलीकडे चौथा टाकावा लागतो. दहाचं असेल तर तिसराच दोरीपर्यंत पुरतो.

"मंग दहा लावा ना. दोरीजोळ हात उचलला का जोडी ढिली पडते."

"बाबा, ही मोटार आहे," मी जमेल तेवढं हिणवून म्हणालो.

"हाव, दिसून राह्यली. बैल असता तर तुमाले कायले इचारलं असतं? त्यालेच इचारलं असतं."

मिस्त्री खो खो हसला, आणि त्याच रागात मी परत येताना त्याला सांगितलं, "नऊ टाक." खरं कारण आज लिहितो. सुटतानाचा झपाटा मला हवा होता. साडूच्या काचेवर माती उडावी, आणि ती सासऱ्यांनी पाहावी, एवढंच माझं गणित होतं.

माती उडाली, अगदी मनासारखी. रविवारी इशाऱ्याचा रुमाल खाली पडला आणि मी तोफेच्या गोळ्यासारखा सुटलो. पहिला. दुसरा. आरशात साडूचं कपाट धुळीत बुडालं. तिसरा. मी चक्क हसत होतो. दोरी चाळीस पावलांवर आली आणि इंजिन किंचाळायला लागलं, त्याच्यात आता काही शिल्लक नव्हतं. क्लच दाबला, दांडा मागे ओढला. एवढ्या वेळात माणूस फार तर एकदा शिंकेल. पण गाडीने जणू हातपाय गाळले, आणि उजवीकडून एक पांढरी भिंत शांतपणे पुढे सरकली. साडूचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे. हातभर अंतराने हरलो.

टपरीवरची सभा बांधावर हजर होतीच. "दहा पाह्यजे होते," मोपेडवाला म्हणाला. "मी पह्यलेच म्हणत होतो," ट्रॅक्टरवाला म्हणाला. गणिताचे सर नवं वर्तमानपत्र शोधत होते. म्हातारा जवळ आला. "उचलला ना हात?"

"उचलला."

"मंग," एवढंच म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

लग्नाला निघालो. पुढे साडू, शेजारी सासरे, मधल्या बाकावर आमच्या बायका. मागे मी. मांडीवर परात, पायाशी घागर, बगलेत करंज्यांचा डबा. खामगाव येईपर्यंत साडू सासऱ्यांना पिनियन समजावून सांगत होता. दहा दात का चांगले, हे. पिनियन हा शब्द त्याने रविवारी पहिल्यांदा ऐकला होता.

"जरा मागच्यांनाही विचारा," मी भांड्यांतून ओरडलो.

"तुम्ही डबा सांभाळा," बायको मान न वळवता म्हणाली. "दाबू नका, करंज्या मोडतात."

संग्रामपूरला मांडवाच्या दारात अख्खी सासुरवाडी उभी. सासऱ्यांना ओवाळलं, साडूला ओवाळलं. मामेसासूबाईंनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "अन् मोठे जावाई कोठी राह्यले?"

"मांगं हायेत. भांड्याईसंग," साडू म्हणाला, आणि त्याने गाडीचं मागचं दार वर उचललं.

आधी घागर उतरली, मग समई, मग करंज्या. मग परात छातीशी धरून मी उतरलो. पोरीबाळींनी तोंडाला पदर लावले. मी परात डोक्यावर घेऊन चारी दिशांना वाकून नमस्कार केला. मामेसासूबाई ओवाळायला पुढे आल्या, थबकल्या, आणि हसू आवरत त्यांनी आधी परातीलाच कुंकू लावलं.