मुलाकडची, मुलीकडची

माझी धाकटी बहीण प्रेमलता गुन्हे शाखेत लागली ती माझ्या नवऱ्याच्या नावावर. हे ऐकलं की लोक भुवया वर करतात, म्हणून आधीच सांगून टाकते. माझा नवरा रुपराव मिलमध्ये साच्यावर होता आणि पोलिसात त्याच्या ओळखीचा एक शिपाईसुद्धा नव्हता. वशिलाबिशिला काही नाही, नुसतं नाव कामी आलं.

साल अठ्ठ्याहत्तर. प्रेमलता तेवीस वर्षांची होती. छप्पन साली बाबा दीक्षा घेऊन आले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होते आणि ती आईच्या कडेवर. तेव्हापासून बाबांचं एकच म्हणणं, पोरी शिकल्या पाहिजेत. ती मॅट्रिक झाली, पोलिसात भरती झाली आणि पहिल्यांदा खाकी साडी नेसून घरी आली, त्या दिवशी बाबा काही काम नसताना गल्लीतून तीन चकरा मारून आले. पण नोकरी कसली? बायका-कैद्यांना जेलातून कोर्टात न्यायचं, कोर्टातून जेलात आणायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं. ज्या पोरीला लहानपणी शेजारच्या दोरीवरची लुगडी पाहून त्यांच्याकडे कोण पाहुणं आलंय ते कळायचं, ती कोर्टाच्या बाकावर बसून स्वेटर विणत होती. मला फार राग यायचा.

त्या उन्हाळ्यात शहरात चार लग्नांतून दागिने गेले. चारही वेळा जानोशातून, म्हणजे मुलाकडचं वऱ्हाड उतरतं त्या जागेतून, आणि चारही वेळा अक्षता पडत असताना. पोलिसांनी दरवेळी भांडी घासणाऱ्या बायका धरल्या आणि दरवेळी सोडून दिल्या. बायकांच्या खोलीत पुरुष पोलीस शिरणार कसा? तेव्हा कुठे साहेबांना प्रेमलता आठवली.

साहेब म्हणजे फौजदार शरच्चंद्र इनामदार, साताऱ्याकडचे. बोलणं मोजकं आणि तेही छापील. त्यांनी तिला उभ्या-उभ्या सांगितलं, "तुम्हाला मे अखेरपर्यंत शाखेत घेतोय. चोर सापडला तर इथंच राहाल, नाही तर पुन्हा कोर्टात. आणि एक लक्षात ठेवा, माल हातात दिसल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही. पाहुण्यांची बाई धरलीत तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मे महिन्यात तिनं सहा लग्नं पालथी घातली. वजन वाढलं, चोर काही मिळाला नाही. एकोणतीस तारखेला लकडगंजमधल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मोठं, दुपारच्या मुहूर्ताचं आणि मोसमातलं शेवटचं. त्या दिवशी काही झालं नाही तर एक तारखेपासून पुन्हा कोर्टाचा बाक.

आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "ताई, तुही जांभळी साडी दे. आन् मंगळसूत्र."

"मंगळसूत्र काहून?"

"बिनलग्नाची दिसली का बायका चोराचं सोडून मलेच स्थळं सांगतेत. मागच्या लग्नात तीन सांगितली."

मी गळ्यातलं काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतः नुसती काळी पोत घातली. रुपराव खाटेवरून म्हणाला, "सांभाळून वापर वं बाई, सरकारी नाही थे."

सकाळी नऊला ती लग्नघरी पोचली. ती पोलीस आहे हे फक्त मुलीला आणि तिच्या वडिलांना माहीत होतं. बाकीच्यांसाठी ती मुलीची शाळेतली मैत्रीण. हवालदार गिरिधर साध्या कपड्यांत खाली पानठेल्यावर. रस्त्याच्या एका बाजूला मांडव, समोरच्या धर्मशाळेत जानोसा.

मुलीच्या खोलीत कासार बांगड्या भरायला बसला होता आणि दारात मुलीची आत्या, जिजाबाई. तिनं नियमच केला होता, नाव घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात बांगडी जाणार नाही. बायका हसत होत्या, लाजत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. तेवढ्यात हिरव्या साडीतली एक गोरीपान बाई पुढे झाली. मी मुलाकडची, मुलाच्या काकांची बायको, भिवापूरची, असं म्हणाली आणि ठसक्यात नाव घेतलं,

"भिवापूरची मिरची रंगाले भारी,
नत्थूजीचं नाव घेते विहिणीच्या दारी."

सगळ्यांनी वाहवा केली. प्रेमलतालाही ते आवडलं, घरी येऊन मला ऐकवायचं म्हणून तिनं ते पाठ केलं. एवढ्यात जिजाबाईचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"आन् तू कोणाकडची वं?"

"मुलीकडची."

"मंग घे नाव."

इथं आमच्या डिटेक्टिव्हची फजिती झाली. साडी नीट होती, मंगळसूत्र होतं, मैत्रिणीची गोष्ट पाठ होती. फक्त नवरा ठरवायचा राहून गेला होता. फौजदारांच्या डोक्यात ते येणं शक्यच नव्हतं, पण मी चार लग्नांत नाव घेतलेली बाई, मलाही सुचलं नाही. खोलीभर बायका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. हात गळ्याशी गेला, मंगळसूत्र हाताला लागलं आणि माझं चार लग्नांतलं नाव जसंच्या तसं तिच्या तोंडातून बाहेर पडलं,

"नळावर लागली घागरींची रांग,
रुपरावांचं नाव घेते, आता दुसरं काही सांग."

हशा झाला, बांगड्या मिळाल्या. माझ्या नवऱ्याचं असं परस्पर लग्न लागलं.

अकरा वाजता फराळाची ताटं जानोशात न्यायची होती. तीही एक परात घेऊन गेली. वरच्या मजल्यावर मुलाकडच्या बायका खसच्या पडद्याआड गारव्याला बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध तीच हिरवी साडी. फक्त आता पदर डोक्यावरून घेतलेला आणि तोंड थोडं खाली. मुलाकडच्या बायका तिला आग्रह करत होत्या, "मुलीकडच्या मामीबाई, होऊन जाऊ द्या तुमचंही नाव."

मुलीकडच्या? प्रेमलताच्या हातातली परात थांबली.

"भिवापूरची मिरची रंगाले भारी,
कृष्णकांतचं नाव घेते विहिणीच्या दारी."

मिरची तीच, रंग तोच, विहीणही तीच. नवरा तेवढा बदलला होता.

मला हे सांगताना तिचे डोळे जसे चमकत होते, तसे मॅट्रिकच्या निकालालाही चमकले नव्हते. एका क्षणात तिला सगळं कळलं. लग्नपत्रिकेवर खाली दोन्हीकडच्यांची नावं छापलेली असतात. त्यातलं मुलाच्या काकांचं नाव घेऊन बाई मुलीकडे जाते, मुलीच्या मामांचं घेऊन मुलाकडे जाते. दोन्हीकडचे तिला पलीकडची पाहुणी समजून मान देतात आणि पाहुणीला कोण विचारणार, बाई तुम्ही खऱ्या का? म्हणजे त्या लग्नात खोट्या पाहुण्या दोन होत्या, ती आणि आमची प्रेमलता. दोघींच्या तोंडी दुसऱ्यांचे नवरे.

प्रेमलताला तिथंच त्या बाईचा हात धरावासा वाटला. पण माल कुठं होता? तिनं परात ठेवली, ताटं वाटली, दोन वेळा वाढलं आणि गप्प राहिली. एवढं गप्प राहणं तिला घरी कधी जमलेलं मी पाहिलं नाही.

साडेबाराला बँड वाजला आणि मुलाकडच्या बायका अक्षतांसाठी घाईनं मांडवात निघाल्या. हिरव्या साडीचं डोकं दुखायला लागलं होतं, ती म्हणे पडून राहते. प्रेमलता सगळ्यांबरोबर जिना उतरली, खालच्या वळणावर थांबली, शंभर मोजले आणि पुन्हा वर गेली. ट्रंक उघडी होती. बाई तिच्यापुढे बसून एक सोन्याचा गोफ फराळाच्या पिशवीत लाडूंच्या खाली सरकवत होती.

"वरमाईनं मागितला," बाई न गोंधळता म्हणाली. "मी मुलीकडची मामी."

"मुलीकडची? सकाळी त मुलाकडची होती."

बाईनं आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तू कोणाकडची वं?"

"पोलिसाकडची."

बाई पिशवी घेऊन दाराकडे धावली. प्रेमलतानं मनगट पकडलं, दोघींच्या सकाळच्या बांगड्या फुटल्या. ती ओरडत होती, "गिरिधरभाऊ!" आणि खाली बँड असा कडाडत होता की गिरिधरभाऊ ठेल्यावर शांतपणे पान लावून घेत होते. एका हातात बाई, दुसऱ्या हाताशी पितळी परात. तिनं परात खिडकीतून खाली भिरकावली. ती थेट ढोलवाल्याच्या पायाशी आदळली. बँड बंद झाला आणि सगळ्या रस्त्यानं ऐकलं, "वर या ना लवकर!"

पिशवीत गोफ, दोन पाटल्या आणि एकदाणी निघाली. आधीच्या चार लग्नांतलं पुष्कळसं बाईच्या खोलीवर मिळालं.

संध्याकाळी साहेबांनी तिचा जबाब स्वतः वाचला. संशय कशावरून आला? आरोपीनं एकाच उखाण्यात दोन वेगवेगळ्या नवऱ्यांची नावं घेतली यावरून. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढे तिनं खरं ते लिहिलं होतं, की स्वतः तिनं बहिणीच्या नवऱ्याचं नाव घेतलं. ते त्यांनी दोनदा वाचलं. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. मे महिन्याबद्दल, शाखेबद्दल चकार शब्द नाही. सही केली, कागद बाजूला ठेवला आणि ती सलाम करून वळली तेव्हा म्हणाले, "एक तारखेला दहा वाजता इकडंच या. सीताबर्डीत कापडाच्या दुकानांतून बायका तागे उचलतायत. आणि यापुढं निघताना नवरा ठरवून निघत जा."

ती धावतच माझ्याकडे आली. घामानं चिंब, साडीचा काठ फाटलेला, हातावर काचांचे ओरखडे. हसत होती, रडत होती आणि परातीचा आवाज तोंडानं काढून दाखवत होती. शेजारणी गोळा झाल्या. बाबा मिलमधून आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, चप्पल पुन्हा पायात घातली आणि गल्लीत निघून गेले. मी तिला पोटाशी धरलं आणि मीही रडले.

"आन् मायं नाव सरकारी कागदावर," रुपराव म्हणाला.

मी मंगळसूत्रासाठी हात पुढे केला. तिनं ते मुठीत घट्ट धरलं.

"राहू दे ना ताई माह्यापाशीच. एक तारखेला दुकानात जाचं आहे, आन् नवरा मले हाच पाठ आहे."