बारा शिक्क्यांची टोपली

एका टोपलीवर मी अजूनही रागावलेलो आहे. माणसांवरचा राग केव्हाच ओसरला. टोपलीवरचा नाही.

त्या वर्षी मी धुळ्याच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि सातवीपर्यंत गेली होती ती माझी मोठी बहीण, अक्का. त्यामुळे मला कॉलेजचा जरा (जरा म्हणजे बराच) ताठा आला होता. गावाहून रोज एस.टी.नं जाताना मांडीवर एक तरी जाडजूड पुस्तक असलंच पाहिजे, असा माझा नियम होता. कॉलेजच्या ग्रंथालयातून मी शेतीच्या इतिहासावरचा एक ग्रंथ काढला होता. विटेएवढा जाड, पानं पिवळी, पुठ्ठा निखळलेला. माझ्या विषयांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण तो मांडीवर असला, की कंडक्टर मला "सरका ना सर" म्हणायचा. बाकीच्यांना नुसतं "सरका!" एवढ्या एका 'सर'साठी मी तो ग्रंथ चार महिने वागवला. पुढे परीक्षा जवळ आली, मांडीवर गाईडं आली, आणि ग्रंथ बाजेखाली गेला. तिथं माझी शाळेपासूनची जुनी पुस्तकं पडलेली असत.

अक्काचं लग्न आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचं ठरलं होतं. रुखवतात हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या, आणि सासर शिरपूरचं, म्हणजे बघणारे डोळे बारीक! अक्कानं ठरवलं, कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या. रद्दी कागद भिजत घालायचा, मेथ्यांबरोबर उखळात कुटायचा, पालथ्या पातेल्यावर थापायचा आणि उन्हात वाळवायचा.

मी अभ्यासाला बसलेलो असताना (म्हणजे गाईडवर डोकं ठेवून डुलकी घेत असताना) अक्का आली.

"भाऊ, जुना पुस्तकं शेतस का रे तुनाकडे?"

"बाजेखालचं सगळं घेऊन जा. रद्दी आहे सगळी."

"बठ्ठं लई जाऊ? एकदा पाही ले ना."

"अक्का, मी अभ्यास करतोय! सगळं ने, आणि मला पुन्हा विचारू नको!"

तिनं पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात माझा शब्द एवढ्या काटेकोरपणे फक्त त्या एकदाच पाळला गेला.

त्यानंतर आठवड्याभरानं मायनं मला अंगणातून हाक मारली. "मना खांदा दुखी ऱ्हायना रे. जरासा हात लाव ना!"

उखळात भिजलेल्या कागदाचा राखाडी चिखल होता. माझ्या हातात मुसळ देण्यात आलं. मी, बी.ए.चा विद्यार्थी, परीक्षेच्या तोंडावर, भर अंगणात, लोक बघत असताना! राग असा आला की सांगता सोय नाही. मी दात-ओठ खाऊन मुसळ आपटू लागलो. मेथ्यांचं वाटण मीच ओतलं, तेही रागानं. तेवढ्यात शेजारचे भिकन नाना तंबाखू मळत कुंपणाशी आले.

"काय भाऊ, कालेजमा हाईच शिकाडतस का?"

मी उत्तर उखळाला दिलं. पण एक कागद काही केल्या मोडेना. "हा कसला चिवट कागद आहे!" मी ओरडलो.

"जाड पुस्तकना शे तो," माय म्हणाली.

कोणत्या जाड पुस्तकाचा, हे मी विचारलं नाही. मी रागात होतो, आणि रागातला माणूस चौकशी करत नाही. मी आणखी दोनशे वेळा मुसळ आपटलं. लगदा लोण्यासारखा झाला. मायनं बघून मान डोलावली. "आसं जोयजे!"

पुढच्या सोमवारी कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. ग्रंथालयाची सगळी पुस्तकं परत केल्याचा दाखला आणल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही. शेवटची तारीख गुरुवार. मी निवांतपणे घरी आलो, बाजेखाली वाकलो, आणि तसाच वाकलेला राहिलो. बाजेखाली जमीन होती. फक्त जमीन!

"माझा ग्रंथ कुठंय?"

"कोनता?" अक्का.

"जाड! जुना! पुठ्ठा निखळलेला!"

"तो ना..." अक्कानं मायकडे पाहिलं. मायनं आबांकडे. आबांनी छपराकडे.

"तो ग्रंथालयाचा होता! वर्ष बुडेल माझं! हॉल तिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही! कुणाला काही अक्कल आहे का या घरात? पुस्तक कुटतात का कुणी? कुणी कुटलं ते?"

आबा, म्हणजे माझा बाप, तसा अबोल माणूस. पण आबा छपरावरून नजर काढून शांतपणे म्हणाले, "कोनी कुटं? तूच कुटं ना!"

मी दारातून उखळाकडे पाहिलं.

"तूच सांगं व्हतं," अक्का म्हणाली, "बठ्ठं लई जा, आन परत इचारू नको!"

मग तिनं तयार टोपली आणून दाखवली. तिला वाटलं, मला बरं वाटेल. टोपली खरोखरच सुरेख झाली होती. गेरूनं रंगवलेली, गोल, हलकी, आणि काठावर जांभळ्या फुलांची माळ. मी जवळून पाहिलं. ती फुलं नव्हती. ते शिक्के होते! ग्रंथालयाचे गोल जांभळे शिक्के. पुस्तक भिजवण्याआधी अक्कानं पानापानावरून ते नीट कापून घेतले होते आणि खळ लावून काठावर बसवले होते. बारा शिक्के! टोपली कुठूनही फिरवा, आमच्या कॉलेजचं नाव समोर यायचं.

"कितला मस्त शेतस ना?" अक्का म्हणाली. "जशा जांभळा फूलच!"

मी अंगणात जाऊन एक लाथ मारली. उखळाला. पुढचे दोन दिवस मी लंगडत होतो.

गुरुवारी मी ती टोपलीच धुळ्याला न्यायची ठरवली. निदान पुराव्यादाखल. अक्का म्हणाली, "मनी टोपली शे, मीबी येस." माय म्हणाली, टोपली आणि पोरगी एकट्या कशाला, मीही येते. अशी आमची वरात एस.टी.त बसली. माझ्या मांडीवर, ग्रंथाच्या जागी, टोपली. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता पाहिलं आणि म्हणाला, "सरका." 'सर' गेला तो गेलाच!

ग्रंथपाल बोरसे सर म्हणजे कडक माणूस. पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी ते असे बघायचे, की मुलगा स्वतःच दुमडायचा. मी त्यांच्या टेबलावर टोपली ठेवली. त्यांनी चष्मा लावला. टोपली हळूहळू फिरवली. बाराही शिक्के वाचले.

"हे आमचंच आहे."

"हो सर."

"बांधणी नवीन दिसतेय."

तिथं माझा सगळा साठलेला राग बाहेर आला. माय आणि अक्का मागं उभ्या होत्या, तरी मी थांबलो नाही. "सर, आमच्या घरचे अडाणी आहेत. यांना पुस्तकाची काय किंमत? यांना कागद दिसतो नुसता! मी एकटा काय काय सांभाळणार?"

सरांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाले, "पुस्तक जुनं होतं. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, म्हणून मी ते बाद करणार होतो. तू नेलंस, तेव्हा थांबलो. म्हटलं, एक वाचक तरी मिळाला. आता एवढंच सांग, त्यात काय होतं?"

"शेती होती सर."

"शेतीत काय?"

"शेतीचा... इतिहास होता."

"चार महिने होतं ना तुझ्याकडे?"

मी टोपलीकडे बघू लागलो. टोपली काही सांगेना.

"पांझरा नदीवरच्या फडांचं, पाण्याच्या वाटणीचं होतं त्यात," मागून अक्काचा आवाज आला. अगदी हळू, शाळेतल्या मराठीत. "बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या वावरात आधी सोडायचं, ते सगळं गाव बसून कसं ठरवायचं, ते होतं. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची पाळी कशी लागायची तेही. शिक्के कापताना आजूबाजूचं वाचत गेले, म्हणून दोन दिवस लागले. नाहीतर एका दुपारचं काम."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"आन कागद भलता चांगला व्हता साहेब," मायनं भर घातली. "एक बी टोपली तडकनी नही!"

सरांनी माझ्या दाखल्यावर सही केली. पण टोपली ठेवून घेतली. ग्रंथालयाची वस्तू ग्रंथालयात राहील, म्हणाले. अक्काचा चेहरा उतरला. "मग रुखवतात मधोमध काय मांडू?" सर उठले आणि त्यांनी मागचं कपाट उघडलं. वाळवीनं खाल्लेली, बाद केलेली पुस्तकं तिथं खच्चून भरली होती. "ही घेऊन जा. दोन पोती होतील. कुटायला माणूस आहे ना घरात?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

ती दोन पोती मी कुटली. परीक्षा झाल्यावर, चैत्रातल्या उन्हात, भिकन नानांच्या देखत.

पुढचं सबंध वर्ष ती टोपली ग्रंथालयाच्या टेबलावर होती. पुस्तक हवं असलं, की चिठ्ठी लिहून तिच्यात टाकायची. नवीन मुलं शिक्के बघून विचारायची, "सर, ही कसली टोपली?" सर मान वर न करता म्हणायचे, "तो ग्रंथ आहे. त्या तिकडे बसलेल्याला विचारा, त्यानं चांगला कुटून अभ्यास केलाय त्याचा." मग ती मुलं माझ्याकडे वळायची आणि विचारायची, काय होतं हो त्यात?

"मेथ्या!" मी खेकसायचो. त्या ग्रंथातलं तेवढंच मला खात्रीनं माहीत होतं. त्या मीच घातल्या होत्या.