आप्पांचे सात सदरे आणि गुरुजींचा कोट

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात, तसे किस्सेही साठतात. चिंध्या निदान गोधडीला लागतात, किस्से डोक्यातच राहतात. त्यात माझं दुकान शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, पुढे गिऱ्हाइकांसाठी बाक, आणि वर पंचायत समितीची निवडणूक. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. लोकांना पुन्हा बोलायची चटक लागली होती. बाकावर तेव्हा एकच वाद चालायचा, उमेदवारानं नटण्यावर खर्च करावा का?

*

वादाला तोंड फोडलं निमोण्याच्या आप्पांनी. आप्पा मोठे बागायतदार, माणूस दिलदार. त्यांनी एकदम सात पांढरे टेरिकॉटचे सदरे शिवायला टाकले.

बाकावर आमचे पोस्टमन तुकाराम बसलेले. त्यांनी विचारलंच, "आप्पा, मत मागायला एक सदरा पुरत न्हाई व्हय?"

आप्पा म्हणाले, "ज्याला सोताचं कापड धुता येत न्हाई, त्यो तालुका काय धुणार?"

बाक खो खो हसत सुटला. आपण काय बोललो हे आप्पांना कळायला जरा वेळच लागला.

*

सदऱ्यांना लाँड्रीतून असा स्टार्च, की ते हँगरशिवाय उभे राहतील. इस्त्री मोडू नये म्हणून आप्पा जीपमध्ये बसेनात. शिरूर ते निमोणे, दांडीला धरून उभे. शेतातल्या माणसांना वाटलं, आप्पा आपल्याला मान देतायत. तीही उठून हात जोडायला लागली.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला सांगून गेले, "मास्तर, त्या लाँड्रीवाल्याला म्हणावं, अजून कडक कर."

*

मग आप्पांनी कलप लावला. डोकं काळं, मिशाही काळ्या. एका वस्तीवर ओळखीच्या म्हातारीच्या पाया पडले. म्हातारीनं त्यांना नीट निरखलं.

"औक्षवंत हो बाबा. पर बापाला म्हणावं, मतं मागायला सोता यायचं. पोराला काय धाडतोस?"

आप्पांनी "सांगतो" म्हटलं आणि पुढच्या घरी गेले.

*

दुसरे उमेदवार गायकवाड गुरुजी. मूळचे निमोण्याचेच, तिथल्या बौद्धवाड्यातले. शिरूरच्या शाळेतून नुकतेच रिटायर झालेले. त्यांचा भाऊ दौंडला रेल्वेत होता. त्यानं निळं सुटाचं कापड आणून दिलं, आणि गुरुजींनी माझ्याकडून कोट शिवून घेतला.

सात सदऱ्यांवर आठवडाभर हसणारा बाक या एका कोटावर मात्र चिडला. "मास्तरकी करून सूट येतो कुठनं?" भिंतींवरही खडूनं तसंच कुणीतरी लिहिलं. गुरुजी ते वाचायचे, शुद्धलेखनाची चूक असली तर बोटानं पुसायचे आणि पुढे जायचे.

ट्रायलच्या वेळी मीही बोलून गेलो, "गुरुजी, एवढ्या उन्हाळ्यात कोट?"

गुरुजींनी वरचं बटण लावलं. "कोट मी घातलाय मास्तर. घाम तुम्हाला का फुटतोय?"

त्यानंतर मी फक्त बाहीची लांबी विचारली.

*

निकालाचं आताच सांगतो. दोघंही पडले. तिसराच निवडून आला, आणि तो माझ्याकडे कधी साधं बटण लावायलासुद्धा आला नव्हता.

*

पण मतदानाआधीच्या बाजाराच्या दिवशी तरुण मंडळानं उमेदवारांना एका स्टेजवर बोलावलं होतं. आप्पा आणि गुरुजी आले. प्रश्नांची वेळ झाली तसे पोस्टमन तुकाराम उठले.

"गुरुजी, ह्या कोटाला खर्च किती आला, ते लोकांना कळू द्या."

लोक हसले. गुरुजी माइकजवळ आले.

"सांगतो. कापड भावानं दिलं, शिलाई मी भरली. माझ्या आज्याच्या कपड्यांना मात्र काही खर्च नव्हता. गावात कुणी वारलं, की मयताच्या अंगावरचं कापड त्याला मिळायचं. जन्मभर तेच घातलं त्यानं. तेव्हा कुणी खर्च विचारला नाही."

तुकाराम कधी खाली बसले ते मलाही कळलं नाही.

आप्पा शेजारच्या खुर्चीवर होते. ते वाकून हळूच बोलले, पण माइकनं सगळ्यांना ऐकवलं.

"गुरुजी, आमच्या घरातनं बी?"

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज अगदी वर्गात असायचा तसा.

"व्हय आप्पा. तुमच्या आज्याचं धोतर माझ्या आज्याला बरोबर मापात बसलं होतं."