फोटोकाकांची पाकिटं

ज्या माणसाच्या घरात बकरी नाही, बाग नाही, तो रोज सकाळी गल्लीतली पानं कशाला वेचेल? मी जाऊबाईंना विचारलं, तर इस्त्री फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, “म्हातारपणी कुणाला काय सुचेल, सांगता येतं का?” त्यांना सगळं सोपंच वाटतं. मला नाही वाटत.

फोटोकाकांनी चाळीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी स्टुडिओ चालवला. ओळखपत्रांचे फोटो काढायचे. काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून ओरडायचे, “हसायचं नाही! मान सरळ!” लग्नाआधीचा माझा फोटो त्यांचाच. त्यात मी कुणाचा तरी जीव घेऊन आल्यासारखी दिसते. लग्न जमलं तरी, ते सोडा. पुढे लोक मोबाईलवर आपले आपणच फोटो काढायला लागले आणि काकांनी शटर ओढलं. काकू आधीच गेल्या होत्या. घर खायला उठायला लागलं तसे काका कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायला लागले. एकेका घराचा फोटो काढायचे, मग वाकून त्या दारापुढचं पान, सालपट, पीस, असलं काहीतरी उचलायचे आणि फोटोच्या जुन्या छोट्या पाकिटात घालायचे. पाकिटावर घराचा नंबर आणि तारीख. फांदीला कधी हात लावला नाही. “पडलेलंच घ्यायचं,” म्हणायचे.

नंबर कशाला? तारीख कशाला? मला झोप लागेना.

आता लपवून काय उपयोग, चोराच्या मनात चांदणं. आमच्या लाँड्रीपुढे एक झाड आहे. दुकानाची पाटी त्याच्या आड पार लपलेली, आणि वर बसलेली कबुतरं धुतलेल्या पांढऱ्या शर्टांवर नेमकी घाण करायची. फांद्या तोडायला पालिकेकडे परवानगी मागितली, तर तिथले साहेब म्हणाले, झाडाला हात लागला तर दुकानाचा परवाना रद्द. बरं, म्हटलं. हात नाही लावत. रोज संध्याकाळी टपातलं उरलेलं ब्लीचचं पाणी बादलीत भरायचं आणि बुंध्याशी ओतायचं. बघणाऱ्याला काय, बाई झाडाला पाणी घालतेय! जाऊबाईंनासुद्धा पत्ता नव्हता. वर्षभरात पानं कडेनं करपायला लागली.

आणि हा माणूस सगळ्यात जास्त रेंगाळायचा तो आमच्याच दारात. एकदा तर त्यांनी बुंध्याजवळची चिमूटभर माती बोटावर घेऊन हुंगली. दोन दिवसांनी मी बादली कलती करतेय तोच समोरून ‘खट्’ झालं. वर बघितलं, तर काका कॅमेरा पुसत होते.

परवाना गेला म्हणजे दुकान गेलं, आणि दुकानावर आमची दोन घरं चालतात. मी तशीच गल्लीच्या समितीच्या मास्तरांकडे गेले. म्हटलं, “हे काका बिल्डरसाठी घरं मोजतायत. नंबर लिहून घेतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.” दुपारपर्यंत गल्लीभर झालं. काका दिसले की लोक खिडक्या लावून घ्यायला लागले. एकानं तर कुत्रं अंगावर सोडीन म्हणून दम दिला. काका त्याच्या दारापुढचं पान उचलून पुढच्या दाराकडे गेले. रविवारी मास्तर सात-आठ जणांना घेऊन जाब विचारायला त्यांच्या घरी निघाले, सगळ्यात पुढे मी, मागोमाग जाऊबाई. तो फोटो दुसऱ्या कुणी बघायच्या आत मला हवा होता.

दार उघडंच होतं. आतल्या भिंतीवर ही एवढी मोठी फळी, आणि तिच्यावर आमची अख्खी गल्ली! घरांचे फोटो कापून डकवलेले. छपरं सालपटांची, पायऱ्या बियांच्या टरफलांच्या, मास्तरांच्या गॅलरीला कबुतराची पिसं. ज्याच्या त्याच्या दाराला त्याच्याच दारात पडलेलं लावलेलं. लोक भांडण विसरून आपापलं घर शोधायला लागले. “अगं, ही आपली पायरी बघ!”

मी माझं शोधलं. फळीच्या मधोमध आमची लाँड्री, पुढे बारा महिन्यांची बारा पानं ओळीनं. पहिलं तळहाताएवढं हिरवंगार, पुढचं प्रत्येक लहान, अधिक करपलेलं, आणि शेवटचं नुसती जाळी. त्याखाली मी. हातात बादली.

मास्तर चष्मा सरसावून पुढे झाले. “हे काय?”

“झाड आजारी आहे,” काका म्हणाले. “सगळ्या गल्लीत एकटी हीच त्याला रोज पाणी घालते. म्हणून तिला मधोमध घेतलं.”

“आमच्या घरची आहे ती!” जाऊबाई म्हणाल्या. मास्तरांनी काकांची माफी मागितली, आणि मीच भडकवलेली माणसं माझं कौतुक करायला लागली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

घरी येताना मात्र डोकं चालायला लागलं. ज्याचा जन्म डार्करूममध्ये औषधांच्या वासात गेला, त्यानं ती माती हुंगली होती. आणि त्याला काही कळलं नसेल?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्लीचचं पाणी मी मागच्या गटारात ओतलं. बादली दोनदा विसळली, नळाचं पाणी भरलं आणि झाडापाशी आले. काका समोर उभेच होते. त्यांनी कॅमेरा उचलला नाही. जवळ येऊन वाकले, बुंध्याशी पडलेलं एक पान उचलून पाकिटात घातलं, नंबर लिहिला, तारीख लिहिली.

“आज वास नाही आला,” म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे गेले.