उटणं, भरती आणि आमच्या वन्सं

सप्टेंबरमधल्या एका सकाळी आमच्या लंडनजवळच्या पिनरच्या घरी फोन वाजला. पलीकडे मॉरीन होती. मॉरीन म्हणजे समुद्रकाठच्या कॉर्नवॉलमधली आमच्या वन्संची शेजारीण, तिचा मला कधी फोन येत नसे. वन्सं गेल्या, असं तिनं सांगितलं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "समुद्रात?" "नाही गं डियर, खुर्चीत. चहा घेता घेता..." ह्यांना सांगितलं तर ह्यांनीही तेच विचारलं. शेजारच्या हॅरोतल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना ज्यांना कळवलं, त्यांनीही तेच. सत्तरी ओलांडलेली बाई बारा महिने थंडगार समुद्रात पोहते म्हटल्यावर लोकांनी तिचा शेवट केव्हाच ठरवून टाकला होता! वन्संनी ऐकलं असतं तर पोट धरधरून हसल्या असत्या.

डॉ. शरयू, ह्यांची थोरली बहीण. पुण्याहून कॉर्नवॉलच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आल्या आणि समुद्राकाठच्या त्या लहानशा गावातच राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांना झोपवते, आता घरी येऊन आणखी कुणाला जोजवू?" त्यांच्या घराखालीच खडकात कोरलेल्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. कडेला गंजका लोखंडी कठडा. गावातल्या बायका आज्या-पणज्यांपासून तिथंच डुंबत आल्या आहेत. वन्सं एकदा मॉरीनबरोबर तिथं उतरल्या आणि त्यांच्यातल्याच होऊन बसल्या. थंडीत सगळ्याजणी डोक्याला लोकरीच्या टोप्या घालून पोहायच्या. लांबून पाहिलं तर पाण्यावर नुसत्या टोप्या तरंगताना दिसत. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो वन्सं, गारठून मराल!" त्यावर उत्तर तयार, "मेले तर आंघोळ घालायचं काम तरी वाचेल तुमचं."

त्या रिटायर झाल्या त्या वर्षी आम्ही दिवाळीला त्यांच्याकडे गेलो. नरकचतुर्दशीला पहाटे अंधारात मला हलवून उठवलं. हातात तिळाच्या कोमट तेलाची बाटली, टॉवेलात गुंडाळलेली. दुसऱ्या हातात पुण्याहून आलेलं उटणं, बिस्किटांच्या डब्यात. "चल मंदा, अभ्यंगस्नान." मी बाथरूमकडे वळले, तर ही बाई निघाली खडकाकडे! मॉरीन आणि कंपनी आधीच तिथं कुडकुडत उभी होती. वन्संनी अंगाला तेल चोपडलेलं पाहून त्यांना वाटलं, इंग्लिश खाडी पोहणारे अंगाला चरबी फासतात तसलंच काही असणार. "थंडी कमी वाजते का गं, डॉक?" मॉरीननं विचारलं. वन्सं गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "खूपच." झालं! सगळ्याजणींनी हात पुढे केले. पुढच्या वर्षी तर रांग लागली, आणि त्या पहाटेचं नावच 'ऑइल मॉर्निंग' पडलं.

मग वन्संना हुरूप आला. पायाच्या अंगठ्यानं फोडायला इथं कारीट कुठून मिळणार? म्हणून मॉरीनच्या परसातली आंबट रानसफरचंदं आली. वाऱ्यात निरांजन टिकेना, म्हणून टॉर्चनं ओवाळणं सुरू झालं. आणि भरतीची तर त्यांना भारीच गंमत वाटे. "पंचांग चंद्रावर चालतं आणि समुद्रही," असं त्या मला दरवर्षी नव्यानं समजावत. "अमावास्या जवळ आली की आपल्या खडकाशी पहाटे पाणी चढतंच. म्हणजे दिवाळी ह्यालाही कळते, बघ!" पाण्यात पाय टाकताना त्या जोरात ओरडायच्या, "अगं आई गं!" पाण्यात उतरायचं म्हणजे असं ओरडायचंच, अशी त्या इंग्रज बायकांचीही समजूत झाली. त्याही तसंच ओरडू लागल्या, अगदी जोरात. मी मात्र दर वर्षी वरच्या पायरीवर वन्संचा निळा टॉवेल आणि चहाचा फ्लास्क घेऊन उभी. मला पाण्याची भीती, अगदी लहानपणापासून. "यंदा तरी ये गं," त्या खालून हाक मारत. "पुढच्या वर्षी नक्की," मी वरून ओरडायची.

यंदा घरात सण नव्हता. घरचं माणूस गेलं की वर्षभर दिवाळी करत नाहीत, आम्हीही करणार नव्हतो. पण दिवाळीच्या आधी मॉरीनचा फोन आला. ऑइल मॉर्निंग होणार का, असं तिनं अगदी चाचरत विचारलं. "तू नाही आलीस तर आम्हीही नाही उतरणार. डॉकशिवाय ते कसं करायचं, आम्हाला कुठं माहीत आहे..." ह्यांना विचारून सांगते म्हणत मी फोन ठेवला. नाही म्हटलं असतं तर वन्संची ती पहाट त्यांच्याबरोबरच संपली असती. हो म्हणावं तर दुखवट्यातली दिवाळी, आणि ह्यांची तर ती सख्खी बहीण. संध्याकाळी भीतभीतच विचारलं. हे म्हणाले, "सण नकोच. फराळ नको, दिवे नकोत. पण आंघोळीला कुणी नाही म्हटलंय?"

आम्ही गेलो. पाणी पायऱ्या चढून आलं होतं, वन्सं सांगत तस्संच. मी एकेकीच्या खांद्याला, पाठीला तेल लावलं, उटणं चोळलं. टॉर्च आम्ही पेटवला नाही. बाटलीच्या तळाशी थोडं तेल उरलं. सगळ्यांना लावून झाल्यावर शेवटी वन्सं स्वतःला लावून घ्यायच्या, तेवढं. त्या बाटलीकडे पाहून मला रडू आवरेना. मॉरीननं बाटली माझ्या हातातून घेतली, माझा कोट काढला, कमीजच्या बाह्या वर सारल्या आणि ते तेल माझ्या हातांना, मानेला लावलं. वन्सं लावायच्या तसंच, वरून खाली, दाबून.

सलवार-कमीजवरच मी कठडा धरून उतरले. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला... आणि माझ्याच तोंडून केवढ्यानं तरी निघालं, "अगं आई गं!" पाठोपाठ सगळ्या टोप्या एका सुरात ओरडल्या, "अगं आई गं!" मी हसत, रडत, थरथरत मागे वळून पाहिलं. वरच्या पायरीवर, माझ्या जागेवर, हे उभे होते. वन्संचा निळा टॉवेल दोन्ही हातांनी पसरून.