लिंबाचा पाला

हे आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला सांगून टाकते. भरभर टाइप करते, थांबले तर राहूनच जाईल.

अकरावीला लातूरला होते तेव्हा माझ्या चेहऱ्यावर पिंपल्स नव्हते हो — फोड होते. खोल, गाठीवाले. उशीला गाल टेकला तरी ठणकायचे. आईनं स्किनच्या डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या, ओठ फुटले — पण चेहरा साफ! एकदम साफ! "वेळेवर आणलं, नाहीतर खड्डे पडले असते," डॉक्टर म्हणाले.

आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "गोळ्याचं कुणापाशी बोलू नको. पोरीला कायतरी हाय म्हणतेत, उद्या सोयरिकीला नडतंय."

दिवाळीत निलंग्याहून चुलत बहीण आली, राणी. माझ्या गालावरून बोट फिरवत म्हणली, "ताई, काय लावलीस गं? सांग की!" तिला नुकतेच तसलेच फोड सुरू झालेले. मी बघताच ओळखले. आणि म्हणाले काय? "कडूलिंबाचा पाला वाटून लावते."

आईमुळं? न्हाई. आईनं गप्प बस म्हणलं होतं, खोटं बोल म्हणलं नव्हतं. मला आवडायला लागलं होतं — घरात पहिल्यांदा सगळे माझ्याकडं बघत होते. वाटलं, राहू दे की थोडे दिवस मीच.

राणीनं इमानदारीनं पाला लावला. काका दवाखान्यात चल म्हणाले तर हीच अडून बसली — "ताईचे पाल्यानंच गेले." मला फोटो पाठवायची. गाठी वाढलेल्या दिसायच्या. मी? अंगठा पाठवायची. प्रत्येक वेळी.

फोड गेले. खड्डे राहिले. आता राणी सगळ्यांना सांगते, "ताईला गुण आला, माझी कातडीच वाईट." कातडी आमची एकच हो, दोघींची. त्याच गोळ्यांनी तिचेही गेले असते. मला तेव्हाच माहीत होतं.

गेल्या महिन्यात तिची हळद होती. मी गालाला लावत होते, तर हळद खड्ड्याखड्ड्यात बसली. राणी डोळे मिटूनच म्हणली, "ताई, खड्डे नीट बुजव गं, फोटोत दिसतेत!"

सगळ्या हसल्या. मीपण हसले.