थोरल्या दिरांच्या गाडीचा काटा

आमच्या थोरल्या दिरांएवढं गाडीच्या तब्येतीला जपणारं माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात सापडायचं नाही. स्वतःला ताप आला तर गोधडी ओढून गप पडतील, पण त्यांच्या जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरच्या बोनेटवर येता-जाता हात ठेवून बघतील. गाडीत चपला चालत नाहीत, भेळ चालत नाही, दार आपटलेलं तर मुळीच चालत नाही. एकदा व्याह्यांनी दार जोरात लावलं. दिरांनी ते पुन्हा उघडलं, हळूच लावून दाखवलं आणि म्हणाले, "असं. तिला कळतं."

मागच्या उन्हाळ्यात कर्जतच्या रस्त्यावर ही गाडी उकळली आणि जाऊबाईंना भर उन्हात रस्त्याकडेला बसावं लागलं. त्यांचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढवत नाही, जीपमध्ये पाय मुडपून बसवत नाही. पाय लांब करून बसता येतं ते या गाडीतच. गाडीची गरमी दाखवणारा मूळचा काटा कधीच बंद पडलेला. नवा काटा बसवल्याशिवाय हिला लांब न्यायचं नाही, असं दिरांनी तेव्हाच ठरवलं. आणि तिकडं अकोले तालुक्यातल्या डोंगरात, माहेरी, जाऊबाईंचा एकुलता भाऊ अंथरुणाला खिळला. "त्यो हाय तंवर न्या मला," एवढंच त्या म्हणायच्या.

नगरहून काटा आला. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, वायरी आपणच जोडायच्या. एक इंजिनाकडून, एक किल्लीकडून, एक गाडीच्या पत्र्याला. काटा बसवला तोही डाव्या बाजूला, जाऊबाईंच्या समोर. त्यांना आकडे वाचता येत नाहीत म्हणून काचेवर त्यांचीच लाल टिकली चिकटवली. "काटा हितं आला की मला सांगायचं. माझं ध्यान रस्त्यावर आसतं." मी दिरांपुढं तोवर कधी बोललेली नव्हते. पण त्या दिवशी काटा बघायला त्यांनी मलाच गाडीत बसवलं, किल्ली अर्धीच फिरवली आणि स्वतः बोनेटखाली गेले. "हलला का?" मी मान हलवली. "मान मला दिसत न्हाई, तोंडानं बोला." "टिकलीच्या पार गेला," मी कसंबसं म्हणाले. झालं. बादली आणून ते रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागले. ओट्यावरून जाऊबाई म्हणाल्या, "अवो, सकाळधरनं गाडी चालू तरी केलीय का?" इंजिनाकडची सोललेली वायर पत्र्याला चिकटली होती, म्हणून काटा धावला होता. तिला चिकटपट्टी गुंडाळताना ते आमच्या कुणाकडं बघेनात.

मग एकदाचं अकोल्याला गेलो. जाऊबाईंच्या मदतीला म्हणून मी मागच्या सीटवर. भाऊबहीण दोघं हातात हात घेऊन बसून राहिली. निघताना भाऊ म्हणाला, "ये गं परत." जाऊबाईंनी नुसतं हं केलं.

परतीच्या उतारावर एक वळण आहे. तिथून भाताच्या खाचरांपलीकडं ते कौलारू घर शेवटचं दिसतं. तिथं आल्यावर जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अवो, काटा वर गेला."

मला मागून काटा दिसत होता. तो जागचा हलला नव्हता. दिरांनीही वाकून बघितलं. मग गाडी कडेला घेतली, जाऊबाईंच्या बाजूचं दार उघडून दिलं आणि बोनेट वर करून आत डोकं घातलं.

"लई तापलीय," ते आतूनच म्हणाले. "निवेपर्यंत बस. घाई न्हाई."